जेके कनेक्टर १.२.५० : बिल्डपासून बसवण्यापर्यंतच्या नोंदी

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार

जावातली वेब ॲप्स चालवणाऱ्या टॉमकॅट या सर्व्हरच्या प्रकल्पाची सुरक्षा सूचना वाचली. क्रमांक सीव्हीई-२०२४-४६५४४. ॲपॅचे वेब सर्व्हर (एचटीटीपीडी) आणि टॉमकॅट यांना जोडणारं मॉड-जेके हे मॉड्यूल शेअर्ड मेमरीसाठी जी फाइल बनवतं, तिच्या परवानग्या युनिक्स जातीच्या सिस्टिमवर नको तितक्या सैल राहत होत्या. त्याच मशीनवर लॉगिन असलेल्या दुसऱ्या कुणालाही ती मेमरी वाचता येते आणि बदलताही येते. १.२.९ बीटापासून १.२.४९ पर्यंतच्या आवृत्त्या यात सापडतात. दुरुस्ती १.२.५० मध्ये आहे.

टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो. एचटीटीपीडीच्या अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालतात. कुठला टॉमकॅट नोड जिवंत आहे, कुठला बाजूला काढलाय, कुणावर किती भार टाकायचा, हे प्रत्येक प्रक्रियेला सारखंच दिसावं म्हणून ती माहिती सामायिक मेमरीत ठेवलेली असते. त्यात कुणी ढवळाढवळ केली, तर धडधाकट नोड 'थांबवलेला' दिसेल आणि भार वाटणारा लोड बॅलन्सर त्याच्याकडे एकही विनंती पाठवणार नाही. बँकेच्या शाखेत काउंटरपुढे रांग लागायला एवढं पुरेसं आहे.

विंडोजवरच्या आयआयएस या वेब सर्व्हरसाठी याच सोर्समधून बनणारा आयसॅपी रिडायरेक्टर या दोषातून सुटलेला आहे. म्हणजे घाई लिनक्सची. तरीही दोन्हीकडे १.२.५०च द्यायचं ठरवलं. आमच्या ग्राहकांकडे काही ठिकाणी अजून १.२.४८ चालतंय. दोन प्लॅटफॉर्मवर दोन आवृत्त्या राहिल्या की पुढची सूचना आल्यावर 'आपल्याकडे नक्की कुठे काय आहे' यातच पहिला दिवस जातो. लिनक्स आधी, विंडोज नंतर, आकडा मात्र एकच.

वेळापत्रक आपल्या हातात नाही, ते ग्राहकांच्या कामावर ठरतं. नागरी सहकारी बँकेची ३० सप्टेंबरला सहामाही अखेर आहे, त्याआधी तिथे हात लावायचा नाही. विद्यापीठात हिवाळी परीक्षांचे अर्ज भरणं चालू आहे. साखर कारखान्याचं काम गाळप हंगाम सुरू व्हायच्या आत आटोपलं पाहिजे, कारण एकदा गव्हाणीत मोळी पडली की तिथे कुणीही सर्व्हर बंद करू देणार नाही आणि देऊही नये.

२५ सप्टेंबर, बुधवार

सोर्सचं पॅकेज उतरवलं आणि तपासलं. शा-५१२ची बेरीज जुळली. त्यातून फक्त फाइल वाटेत बिघडली नाही एवढंच कळतं. ती कुणी बनवली हे सही सांगते. म्हणून सही वेगळी तपासली, आणि सहीच्या चाव्या प्रकल्पाच्या स्वतःच्या 'कीज' फाइलमधून घेतल्या. पॅकेज आणि चाव्या दोन्ही एकाच तिऱ्हाईत मिररवरून घेतल्या तर त्या तपासणीला काही अर्थ उरत नाही. चावीचा ठसा पूर्ण वाचून घेतला, शेवटची आठ अक्षरं पाहून सोडून दिलं नाही.

ॲपॅचेमध्ये 'रिलीज' म्हणजे सोर्सचं पॅकेज. त्यावर प्रकल्प समितीची किमान तीन होकारार्थी मतं लागतात, होकार नकारांपेक्षा जास्त असावे लागतात आणि मतदान साधारण ७२ तास तरी खुलं ठेवतात. रिलीजवर एकट्याचा नकाराधिकार चालत नाही. होकार देणाऱ्याने पॅकेज स्वतःच्या यंत्रावर उतरवून, सही तपासून, बिल्ड करून पाहिलेलं असावं असा नियम आहे. मला ही पद्धत मनापासून पटते. तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या यंत्रांवर बिल्ड केलेली गोष्ट एकाच्या लॅपटॉपवर चाललेल्या गोष्टीपेक्षा नक्कीच भरवशाची.

यातून आमच्यावर एक जबाबदारी येते. बायनरी त्यांच्या लेखी फक्त सोयीची वस्तू. लिनक्ससाठीचं मॉड्यूल आम्ही बांधतो, म्हणजे त्या फाइलला आम्हीच उत्तरदायी. म्हणून हाच नियम आमच्या बायनरीलाही लावला: दोघांनी स्वतंत्रपणे बिल्ड आणि तपासणी केल्याशिवाय पॅकेज बाहेर जाणार नाही. दुसरी तपासणी नाशिकहून काम करणाऱ्या सहकारी करतील.

क्रमांकाचा नियमही त्यांचाच उचलला. टॉमकॅटमध्ये एखाद्या आवृत्तीचं मतदान फसलं तर तो आकडा पुन्हा वापरत नाहीत, पुढचा घेतात. आमच्या पॅकेजला शेवटी आमचा अनुक्रमांक असतो. टीमबाहेर एकदा गेलेला अनुक्रमांक परत वापरायचा नाही, भले पॅकेज तासाभरात मागे घेतलं असो.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बिल्ड. सोर्समधल्या 'नेटिव्ह' फोल्डरमध्ये कॉन्फिगर, त्याला एपीएक्सएसचा (एचटीटीपीडीची मॉड्यूलं बांधण्याच्या साधनाचा) पत्ता, मग मेक. यात काही कठीण नाही. कठीण आहे ते कुठल्या सिस्टिमवर बांधायचं हे ठरवणं.

रेड हॅट ९ वर जीलिबसी (सिस्टिमची मूळ सी लायब्ररी) २.३४ आहे, ८ वर २.२८. नव्यावर बांधलेलं मॉड्यूल जुन्यावर चढवलं तर '२.३४ सापडलं नाही' म्हणत लोडच न होण्याची शक्यता मोठी. उलट दिशा बहुतेक वेळा चालते, तरी आम्ही प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळं पॅकेज देतो. एचटीटीपीडी २.४ च्या आतल्या आत मात्र काळजी नाही, २.४ च्या मालिकेत मॉड्यूलची जोडणी टिकवून ठेवलेली आहे. २.२ साठी बांधलेलं मॉड्यूल २.४ मध्ये टाकलं तर 'अपेक्षित सही ४१५०३२३४, सापडली ४१५०३२३२' असा संदेश येतो. हे आकडे हेक्समधले आहेत. अक्षरांत वाचले की 'एपी२४' आणि 'एपी२२'. जुन्या मशीनचा बॅकअप नव्यावर चढवताना हा संदेश अजूनही कुणाला तरी भेटतो, म्हणून इथे लिहून ठेवला.

सेंटओएस ७ साठी पॅकेज बनवणार नाही. ३० जून २०२४ ला तिचा आधार संपला. ज्या सिस्टिमलाच दुरुस्त्या मिळत नाहीत तिच्यावर दुरुस्त कनेक्टर बसवून ग्राहकाला सुरक्षित वाटायला लावणं मला योग्य वाटत नाही. तसं स्पष्ट पत्र लिहिलं.

३० सप्टेंबर, सोमवार

आजचा सगळा दिवस १.२.४९ वर गेला. या कामातला सर्वात अवघड भाग तोच आहे.

जे १.२.४८ वर आहेत ते १.२.५० वर येताना वाटेत १.२.४९ चा बदलही उचलतात. तो बदल वागणुकीचा आहे. सीव्हीई-२०२३-४१०८१ च्या दुरुस्तीत आपोआप होणारं मॅपिंग काढून टाकलं गेलं. आधी काय व्हायचं: 'फॉरवर्ड डिरेक्टरीज' (फोल्डरची विनंतीही टॉमकॅटकडे द्या) हा पर्याय चालू असेल आणि एखाद्या मार्गासाठी कुठलंही जेके-माउंट, म्हणजे कुठल्या मार्गाची विनंती कुणाकडे द्यायची हे सांगणारी ओळ, लिहिलेलं नसेल, तर मॉड-जेके ती विनंती यादीतल्या पहिल्या वर्करकडे (विनंती घेणाऱ्याला मॉड-जेकेत वर्कर म्हणतात) ढकलून द्यायचं. कॉन्फिगरेशनमध्ये कुणीही न लिहिलेली वाट त्यातून तयार व्हायची. आणि वर्करच्या यादीत पहिलं नाव स्टेटस वर्करचं असेल, तर नोड चालू-बंद करण्याचं पान बाहेरच्या माणसासमोर उघडण्याची शक्यता. एचटीटीपीडीमध्ये लावलेले प्रवेशाचे निर्बंधही त्यात चुकवले जाऊ शकत होते. १.२.४९ पासून प्रत्येक वाट उघडपणे लिहिलेलीच असावी लागते. निर्णय अगदी योग्य.

पण ज्याचं काम त्या न लिहिलेल्या वाटेवरच चालू होतं, त्याचं आवृत्ती बदलल्यावर बंद पडणार. ती विनंती टॉमकॅटकडे जाणार नाही, एचटीटीपीडी स्वतःच तो फोल्डर शोधेल, आत सुरुवातीचं पान मिळणार नाही आणि फाइलींची यादी दाखवणं बंद असल्यामुळे ४०३ (परवानगी नाही) देईल. ग्राहक म्हणेल, पॅच लावला आणि परवानगीच गेली.

अशा वाटा तयार होण्याची कारणं कॉन्फिगरेशन वाचताना दिसत गेली. एक म्हणजे व्हर्च्युअल होस्ट (एकाच सर्व्हरवरची वेगळी साइट). मुख्य सर्व्हरमध्ये लिहिलेली माउंट व्हर्च्युअल होस्टला आपोआप मिळत नाहीत, त्यासाठी जेके-माउंट-कॉपी चालू करावं लागतं आणि ते मुळात बंद असतं. एका ठिकाणी साध्या होस्टसाठी माउंट व्यवस्थित आणि टीएलएसच्या (एन्क्रिप्टेड जोडणीच्या) होस्टमध्ये एकही नाही, तरी साइट इतके दिवस चालू. दुसरं कारण तिरक्या रेघेचं. ॲपच्या नावापुढे रेघ आणि तारा लिहिला तर ॲपच्या आतलं सगळं पोचतं, पण नुसतं ॲपचं नाव टाइप करणारा त्यात बसत नाही. दोन्ही हवं असेल तर नाव, उभी रेघ, तिरकी रेघ, तारा असं लिहायचं म्हणजे एकाच ओळीत दोन्ही माउंट होतात.

नुसतं वाचून सगळं सापडणार नाही. म्हणून जुन्या आवृत्तीवरच, काहीही न बदलता, ॲक्सेस लॉगच्या ओळीत मॉड-जेकेची एक टीप जोडायला सांगितली: विनंती ज्या वर्करकडे गेली त्याचं नाव. आठवडाभराचा लॉग आला की वर्करचं नाव असलेले सगळे मार्ग वेगळे काढायचे आणि प्रत्येकासाठी लिहिलेलं माउंट दाखवायचं. ज्याचं दाखवता येणार नाही, ती न लिहिलेली वाट.

१ ऑक्टोबर, मंगळवार

लॉगचा बदल बँक आणि विद्यापीठ दोन्हीकडे चढला. बँकेची सहामाही अखेर नीट पार पडली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना, ऑफिसात माणसं कमी. शांतपणे परवानगीची चाचणी घेतली.

चाचणीच्या मशीनवर जुनी आवृत्ती, शेअर्ड मेमरीची फाइल मुद्दाम सर्वांना खुल्या फोल्डरमध्ये. वेगळ्या, साध्या वापरकर्त्याने लॉगिन करून ती वाचता आली. १.२.५० चढवून, सर्व्हर पूर्ण बंद करून, जुनी फाइल काढून पुन्हा सुरू केला. त्याच वापरकर्त्याला आता नकार.

धोका सगळीकडे सारखा नाही हेही दिसलं. रेड हॅटवर एचटीटीपीडीच्या लॉगचा फोल्डर फक्त रूटला उघडतो, त्यामुळे फाइल तिथेच असेल तर साधा वापरकर्ता तिच्यापर्यंत पोचतच नाही. कुणी सोयीसाठी ती दुसरीकडे हलवली असेल तिथे प्रश्न खरा. म्हणून तपासणीच्या यादीत 'आवृत्ती कोणती' याच्याबरोबर 'फाइल कुठे आहे आणि त्या फोल्डरमध्ये कुणाला जाता येतं' हाही रकाना घातला. पॅच सगळ्यांनाच द्यायचा, पण आधी कुणाला हे या रकान्यावरून ठरेल.

७ ऑक्टोबर, सोमवार

विद्यापीठाच्या संगणक विभागातल्या मॅडमचा फोन. "सर, तुम्ही कनेक्टर बदलताच आहात तर त्याच रात्री आमचं टॉमकॅट साडेआठवरून नऊवर न्या ना. दोनदा साइट बंद ठेवायला नको."

टॉमकॅट ८.५ चा आधार ३१ मार्च २०२४ ला संपला, त्यामुळे त्यांची निकड खरी आहे. तरीही नाही म्हटलं, आणि कारण नीट समजावून सांगितलं. ते इथेही लिहितो.

फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाने गाजलेला दोष आला, सीव्हीई-२०२०-१९३८. त्यानंतर टॉमकॅटने एजेपीची (मॉड-जेके टॉमकॅटशी ज्या प्रोटोकॉलने बोलतं त्याची) दारं घट्ट केली: ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० पासून. एजेपी कनेक्टर मूळ कॉन्फिगरेशनमध्ये बंद, चालू केला तर फक्त त्याच मशीनपुरता ऐकणारा, आणि गुप्तशब्द सक्तीचा. गुप्तशब्द दिलाच नाही तर कनेक्टर सुरूच होत नाही. विद्यापीठाचं ८.५ हे ५१ च्या आधीचं आहे. म्हणजे नऊवर जाताना हे सगळे बदल त्यांना पहिल्यांदाच भेटणार. वर्करच्या फाइलमधला गुप्तशब्द टॉमकॅटच्या गुप्तशब्दाशी जुळला नाही तर ४०३. एचटीटीपीडीकडून टॉमकॅटला जादा माहिती पाठवली जात असेल आणि ती टॉमकॅटच्या परवानगीच्या नमुन्यात बसत नसेल, तरीही ४०३. विद्यापीठात लॉगिनची माहिती नेमकी अशीच पाठवली जाते.

आणि कनेक्टरच्या बाजूने न लिहिलेली वाट बंद झाली तर तेही ४०३. तीन कारणं, पडद्यावर दिसणारा आकडा एकच. दोन्ही बदल एका रात्रीत केले तर पहाटे तीनला हा ४०३ कुणाचा हे शोधत बसावं लागेल. वेगवेगळ्या रात्री केले तर प्रश्न निम्मा सुटलेला असतो. उरलेला निम्मा लॉगमधली ती टीप सोडवते: वर्करच्या नावाच्या जागी नुसती रेघ असेल तर उत्तर एचटीटीपीडीने दिलं, नाव असेल तर विनंती पलीकडे गेली होती.

मॅडमना पटलं. "मग आधी तुमचं उरका, टॉमकॅट दिवाळीनंतर बघू." तसं ठरलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

लॉगचा हिशेब आला. बँकेत सगळ्या मार्गांना माउंट आहे. विद्यापीठात दोन न लिहिलेल्या वाटा: एक टीएलएस होस्टमधली, दुसरी जुन्या ग्रंथालय ॲपची. दोन्हींसाठी माउंट जुन्या आवृत्तीवरच लिहून घेतली, म्हणजे मॉड्यूल बदलण्याच्या रात्री कॉन्फिगरेशनला हात लावावा लागणार नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

बसवण्याची तालीम. क्रम असा ठेवला. पुढे दोन वेब सर्व्हर असतील तर एक वाहतुकीतून काढायचा. मॉड्यूलची जुनी फाइल नव्या नावाने बाजूला ठेवायची. नवी फाइल आधी शेजारी उतरवून मग नाव बदलून जागेवर आणायची. चालू सर्व्हरच्या मॉड्यूलवर थेट कॉपी मारायची नाही, कारण चालू प्रक्रिया तीच फाइल मेमरीतून वाचत असतात आणि ती पायाखालून बदलली तर कोसळतात. कॉन्फिगरेशन तपासायचं. मग पूर्ण थांबवून पूर्ण सुरू करायचं, ग्रेसफुल (चालू विनंत्या संपू देत केलेला) रीस्टार्ट नाही.

परत जाण्याची तालीमही केली. जुनी फाइल जागेवर, रीस्टार्ट, पाच मिनिटांच्या आत जुनी आवृत्ती चालू. नव्या माउंटवर जुनं मॉड्यूल नीट चालतं हेही पाहिलं, कारण परत जावं लागलं तर ती माउंट तशीच राहणार.

नाशिकच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र बिल्ड करून होकार कळवला. त्यांनी आणखी एक मुद्दा काढला: जोडणीचा वेळ दोन्ही बाजूंना वेगळ्या एककात लिहितात, मॉड-जेकेत सेकंदात आणि टॉमकॅटमध्ये मिलिसेकंदांत. इकडे ६०० असेल तर तिकडे ६००००० हवं. बँकेत तिकडे ६०००० निघाले. म्हणजे टॉमकॅट एका मिनिटात जोडणी बंद करतो आणि मॉड-जेके ती दहा मिनिटं जिवंत धरतं. अधूनमधून येणाऱ्या त्या तुटक चुकांचं कारण बहुधा हेच. या फेरीत बदलत नाही, नोंद वेगळ्या कामात घातली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दसऱ्याला बँकेत शस्त्रपूजनासोबत सर्व्हरचीही पूजा होते, त्यामुळे शनिवारी काहीच नव्हतं. काल रात्री बँकेचं काम झालं. पहिला वेब सर्व्हर, अर्धा तास निरीक्षण, मग दुसरा. जेके लॉगमध्ये नवी आवृत्ती दिसली, फाइलच्या परवानग्या बरोबर, सत्रं त्याच नोडवर टिकली. सकाळी दहाला शाखा उघडल्यावर एकही तक्रार नाही. बँकेच्या साहेबांनी विचारलं, "मग आता हे एजेपी सोडून साध्या एचटीटीपी प्रॉक्सीवर का जात नाही आपण?" प्रश्न रास्त आहे. एजेपीला स्वतःचं एन्क्रिप्शन नाही, ते विश्वासाच्या नेटवर्कमध्येच चालवायचं. प्रॉक्सीवर गेलं तर टीएलएस शेवटपर्यंत नेता येतं. मी म्हटलं, जाऊया, पण ते स्वतंत्र काम म्हणून, सुरक्षा पॅचच्या पाठीवर बसून नको.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

विद्यापीठ झालं. लॉगमध्ये ४०३ दिसले, पण सगळ्यांपुढे रेघ होती आणि ते बाहेरून मुद्दाम फोल्डर चाचपणाऱ्यांचे होते. पूर्वी या विनंत्या पहिल्या वर्करपर्यंत पोचत होत्या. १.२.४९ चा बदल कशासाठी होता हे याहून स्पष्ट दिसणार नाही. तो तुकडा मॅडमना पाठवला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

साखर कारखाना, आयआयएस. रिडायरेक्टरची डीएलएल फाइल वापरात असताना बदलता येत नाही, म्हणून ॲप्लिकेशन पूल थांबवून मग बदलली. डीएलएलचं नाव तेच ठेवलं, कारण रिडायरेक्टर स्वतःची कॉन्फिगरेशन फाइल स्वतःच्या नावावरून शोधतो. नावात आवृत्तीचा आकडा घालायचा मोह होतो, पण मग त्याला फाइल सापडत नाही. पूल ६४ बिटचा, डीएलएलही ६४ बिटची. वजनकाट्याच्या पावत्या निघतात का ते शेतकी विभागाने स्वतः तपासून सांगितलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीपर्यंत आता कुठेही बदल नाही. सोर्स, सही, दोन्ही बिल्डचे लॉग आणि दिलेली प्रत्येक बायनरी डीबगच्या खुणांसह एका जागी ठेवली. पुढे कधी मॉड्यूल कोसळलं आणि कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) आली तर नेमकी हीच बायनरी लागेल.

उरलेली कामं: बँकेतला वेळेच्या एककांचा फरक, विद्यापीठाचं टॉमकॅट नऊ, आणि टॉमकॅट नेटिव्हचा (टॉमकॅटला ओपनएसएसएल वापरू देणाऱ्या लायब्ररीचा) निर्णय. नेटिव्हच्या २.० मालिकेला ओपनएसएसएल ३.० किंवा पुढचं लागतं, आणि ते कुठल्या मशीनवर आहे याची यादी नाशिकहून सोमवारी येईल.